पहिल्या खिळ्यावरची लाल पाटी

कोगुरेकाकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"नाओए, दुकान बंद करतोय," ते म्हणाले. ना नमस्कार, ना चमत्कार. "पुढच्या महिन्यात इमारत पाडणार. वरच्या खोलीत तुमच्या बापलेकीच्या पाट्या आहेत, त्या घेऊन जा. नाहीतर चुलीत घालीन."

ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण तोंडाचा पट्टा अजून तसाच.

"माझी पाटी अजून आहे तिथे?" मी विचारलं. मला खरंच आश्चर्य वाटलं.

"आहे का नाही ते येऊन बघ. डोळे आहेत ना तुला?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

मी तशीच ओले हात घेऊन उभी राहिले. किर्यूला, माझ्या माहेरगावी, मी जात नव्हते असं नाही. बाबा दोन वर्षांपासून तिथल्या वृद्धाश्रमात होते, महिन्यातून एकदा मी त्यांना भेटून येत होते. पण कोगुरेकाकांच्या दुकानावरचा तो जिना मी सत्तेचाळीस वर्षांत चढले नव्हते. का चढले नव्हते ते मला पक्कं माहीत होतं. त्या खोलीत मी माझ्या बापाचा अपमान केला होता, आणि त्यांनी मला कधी माफ केलं नाही असंच मी धरून चालले होते.

त्या खोलीत 'गो' या खेळाचा अड्डा होता. खाली काकांचं उदोनचं दुकान, उदोन म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या शेवया, आमच्याकडे पट्टीएवढ्या रुंद, आणि वर चटयांची मोठी खोली. दर रविवारी गावातले विणकर, रंगारी, माग दुरुस्त करणारे तिथे जमायचे, पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून एकमेकांची जागा घेरायचे आणि भांडायचे. खालच्या रश्श्याचा वास फळ्यांच्या फटींतून वर यायचा.

खोलीच्या चारही भिंतींना फिरवून एक लाकडी पट्टी ठोकली होती आणि तिच्यावर खिळे. दाराच्या उजव्या अंगाला पहिला खिळा, सगळी खोली फिरून डाव्या अंगाला शेवटचा. प्रत्येक खिळ्यावर एकेकाच्या नावाची पाटी, ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या क्रमाने. पाटीच्या एका बाजूला नाव काळ्या शाईत, दुसऱ्या बाजूला लाल. आलात की आपली पाटी उलटून काळी करायची, निघालात की लाल. दारातून नुसती नजर फिरवली की कळायचं, आज कोण आलंय.

हे सगळं नुमाजिरी मास्तरांनी उभं केलेलं. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत अक्षरं शिकवली होती आणि शब्दांची खोड त्यांना शेवटपर्यंत होती. नवा माणूस आला की खेळ नंतर, आधी शब्द.

"दर्जाला आपण क्यू म्हणतो ना? ते अक्षर नीट बघ," ते म्हणायचे. "डावीकडे रेशमाचा धागा आहे. विणताना एका धाग्यामागून दुसरा येतो, तो क्रम. म्हणजे अक्षर आपल्या गावचंच झालं की! आणि त्याच्या पुढचा दर्जा डान. डान म्हणजे पायरी. आत्ता धापा टाकत चढून आलास ना, तसली." मग चष्मा कपाळावर सरकवायचे. "पण मला इंग्रजांचा शब्द फार आवडतो. रँक. आता त्याचा अर्थ हुद्दा, मान, वरचा आणि खालचा. मुळात मात्र नुसती रांग! शेजारीशेजारी उभी राहिलेली माणसं. आणि त्याच्याही मागे जा, तर म्हणे रिंगण. आता रिंगणात कसला आलाय पहिला आणि कसला आलाय शेवटचा?"

"मग मास्तर, तुमची पाटी पहिल्या खिळ्यावर कशाला?" कोगुरेकाका जिन्यातून उदोनचे वाडगे आणता आणता ओरडायचे.

"कारण तुला अजून मला हरवता येत नाही म्हणून!"

सगळे खो-खो हसायचे. मी पण हसायचे. बाबांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मी सहा वर्षांची असेन.

बाबा मागावर चढवायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. कापडात फूल हवं असेल तर त्या फुलाची भोकं आधी पुठ्ठ्यात पडावी लागतात. दिवसभर ते काम करून त्यांची नजर चौकटींत मोजायला इतकी सरावली होती, की पटाकडे बघून कोण किती जागांनी पुढे आहे ते सोंगट्या न मोजता सांगायचे. खेळ मला त्यांनीच शिकवला. आमच्याकडे रांगेत जो मागे असेल त्याने काळ्या सोंगट्या घ्यायच्या आणि पहिली चाल करायची, पुढच्याने पांढऱ्या घ्यायच्या. त्यामुळे काळ्यांची वाटी कायम माझ्याकडे. अकरा वर्षं मी बाबांसमोर काळ्याच घेतल्या.

रांगेत पुढे सरकायचे नियम कडक होते. फक्त आपल्या पुढच्याला आव्हान द्यायचं, तेही मास्तरांच्या समोर. हरणाऱ्याने आपली पाटी स्वतः काढायची आणि दोन्ही हातांनी जिंकणाऱ्याला द्यायची. जिंकणाऱ्याने पुढच्या खिळ्यावर आपली पाटी लावायची, मग मागच्या खिळ्यावर हरलेल्याची पाटी स्वतःच्या हाताने लावायची, त्याला वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "शिकायला मिळालं." हे केल्याशिवाय डाव संपत नाही, असं मास्तर बजावून सांगायचे.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा बाबा सातव्या खिळ्यावर होते आणि मी आठव्या.

फेब्रुवारीतला रविवार होता. डोंगरावरून आमचा तो कोरडा वारा सुटला होता, खिडक्या थडथड वाजत होत्या. साडेतीन तास आम्ही खेळलो. बाबांना खेळताना गुणगुणायची सवय. शेवटी-शेवटी त्यांचं गुणगुणणं थांबलं तेव्हाच मला कळलं की मी पुढे आहे. चार जागांनी जिंकले! बाबांनी आपली पाटी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

आणि मी काय केलं? मी "जिंकले! जिंकले!" करून किंचाळले, माझी पाटी सातव्या खिळ्यावर अडकवली आणि धाडधाड जिना उतरून कोगुरेकाकांना सांगायला पळाले. दुकानात माझ्या शाळेतल्या मैत्रिणी बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मी बापाची नक्कल करून दाखवली, कसं गुणगुणणं बंद झालं ते. गाढव होते, दुसरं काय!

वर आले तेव्हा बाबांची पाटी आठव्या खिळ्यावर लटकत होती. मास्तरांनी लावली होती. बाबा कोट घालून दारात उभे होते. किती वेळ ती पाटी हातात धरून उभे राहिले होते, देव जाणे.

"पुढे जा, नाओ," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी कधीच खेळले नाहीत. मी घरी तीनदा पट मांडला. तिन्ही वेळा ते "आता नको" म्हणून उठले. चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. एप्रिलमध्ये नोकरीसाठी मी टोकियोला गेले, पुढे लग्न होऊन योकोहामाला. सोंगटीला पुन्हा हात लावला नाही. घरी यायचे, नाही असं नाही, पण आमचं बोलणं म्हणजे थंडी किती, मुळा कसा दिला, गुडघा कसा आहे. आई होती तोवर ती मध्ये बोलायची. ती गेली आणि तेही संपलं.

नव्या वर्षाला आले की एक गोष्ट मला फार लागायची. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी बाबा ठेवणीतला किमोनो घालायचे, वर जाकीट चढवायचे आणि "जरा जाऊन येतो" म्हणून निघायचे. अर्ध्या तासात परत. अड्ड्याची वर्षातली पहिली बैठक असायची. मला "येतेस का?" म्हणून एका शब्दाने विचारायचे नाहीत. मी संत्री सोलत बसायचे आणि मनात म्हणायचे, बरोबर आहे, मला कशाला नेतील? जिने नाक कापलं तिला?

तर आता, सत्तेचाळीस वर्षांनी, मी तो जिना चढले. दुकानात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. काका माझ्यामागून कठडा धरून एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक पायरीला शिवी देत होते.

मी शेवटच्या खिळ्यांकडून बघायला सुरुवात केली. वर्षभर जो येत नाही त्याची पाटी शेवटी जाते, हे मला आठवत होतं. डाव्या अंगाच्या पाट्या वाचल्या. मी नाही. मागची भिंत वाचली, खिडकीकडची वाचली. नाहीच. बहुतेक खिळे तर रिकामेच होते, माणसंच उरली नाहीत.

"चष्म्याचा नंबर वाढलाय का तुझा?" काका दारातून म्हणाले. "तिकडे कुठे? इकडे बघ."

दाराच्या उजव्या अंगाला, पहिल्या खिळ्यावर, लाल शाईत माझं नाव होतं. नाओए सुनागा. लग्नाआधीचं. दुसऱ्या खिळ्यावर बाबा, किसाबुरो सुनागा, तेही लाल. तिसऱ्यावर काका. त्यांची तेवढी काळी.

"ही कसली थट्टा?" मी म्हणाले.

"थट्टा?" काका असे भडकले की मला वाटलं पडतात आता. "थट्टा तुझ्या बापाने केली, माझी! चाळीस वर्षं! नियम विसरलीस ना? वर्षभर न आलेल्याची पाटी आपोआप मागे जात नाही, पोरी. त्याच्या लगेच मागे जो असेल, त्याने पहिल्या बैठकीत उभं राहून तो खिळा मागायचा. त्याने मागितला तर जाते. त्याने नाही मागितला तर कुणाच्या बापाची ताकद नाही हात लावायची."

मला आठवलं. होता तसा नियम.

"तुझ्या मागे कोण होता? किसाबुरो! दर जानेवारीला मास्तर विचारायचे, ते गेल्यावर मी, 'सुनागा, पुढचा खिळा मागता का?' आणि हा पठ्ठ्या इस्त्रीचा किमोनो घालून उभा राहायचा, वाकायचा आणि म्हणायचा, 'मागत नाही. ती बाहेर गेली आहे.' बस्स! एवढं बोलून घरी."

मी खाली चटईवर बसले.

"दर वर्षी?"

"दर वर्षी! आता ऐक पुढे. तू पुढे अडून बसलेली, त्यामुळे त्याला पुढे सरकता येईना. तुझा खिळा घेतल्याशिवाय त्याला वाट नाही. आणि मागून आम्ही! मी, होत्ता नावाचा रंगारी, डाकघरातला तो लांब्या, सगळे. त्याला हरवलं की त्याची जागा आपली, आणि मग पुढच्या जानेवारीला तुझी पण आपलीच. आम्ही काय सोडणार होतो? मी एकट्याने त्याला सव्वीस वेळा आव्हान दिलं. सव्वीस! एकदा फणफणून ताप होता त्याला, एकशेतीन, तरी आला आणि मला हरवून गेला. एरवी तो मध्यम खेळाडू होता ग, साधा रविवारचा डाव मी दहातले सहा जिंकायचो. पण आव्हान दिलं की अंगात यायचं त्याच्या."

"मग मी पहिली कशी झाले?"

"लोकं मरतात, कशी म्हणजे काय! पुढचे एकेक गेले, की रांग सरकते. मास्तर गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तू पहिली. बाहेरगावचे खेळायला यायचे, विचारायचे, तुमचा पहिला खेळाडू कोण? आम्ही दाखवायचो, ही लाल पाटी. कुठे आहे? बाहेर गेली आहे. कधी येणार? काय सांगणार, कपाळ? अख्ख्या जिल्ह्यात हसं झालं आमचं!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी रडूच आलं. "मला का नाही सांगितलं कुणी? काका, तुम्ही तरी?"

"शपथ घातली होती त्याने. म्हणाला, सांगितलंत तर तिला ओझं वाटेल, मन मारून येईल. तिला यावंसं वाटेल तेव्हा येऊ दे, जागा तेवढी राहिली पाहिजे."

"पण माझ्याशी खेळले का नाहीत मग? मी तीनदा पट मांडला होता."

काका पहिल्यांदाच जरा हळू बोलले. "मी पण विचारलं होतं. म्हणाला, पुन्हा खेळलो तर ती मलाच बघत बसेल, मागे वळून. तिने आता पुढच्यांकडे बघायचं. आणि खरं सांगू? मला वाटतं, त्याला जिंकायची भीती वाटत होती. तुझ्या पुढे जावं लागलं असतं ना."

'पुढे जा, नाओ.' सत्तेचाळीस वर्षं मी ते शब्द घरातून हाकललेल्यासारखे ऐकत आले होते. किती मूर्ख असावं माणसाने!

मग माझ्या लक्षात आलं. "बाबा दोन वर्षांपासून वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्या मागे तुम्ही. तुम्हाला दोन्ही खिळे मागता आले असते."

"आले असते की." काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "मागच्या जानेवारीला उभा राहिलो. आम्ही चारच जण उरलो होतो. छाती फुगवली, तोंड उघडलं, आणि चहा मागितला." मग एकदम खेकसले, "रडतेस काय? पाट्या काढ! आणि तो घडीचा पट आणि वाट्या पण ने. मला काय करायच्यात, उदोनमध्ये घालू?"

मी पाट्या काढल्या. माझी पाटी उलटून काळी करावी असं एकदा मनात आलं, पण हात पुढे होईना. खेळायला थोडीच आले होते मी?

दुपारीच वृद्धाश्रमात गेले. बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. नव्वद वर्षांचे. हल्ली ते मला बहुतेक वेळा तिथली बाई समजतात.

"आज थंडी आहे, नाही का हो?" ते मला म्हणाले. "तुम्हाला घरी जायला उशीर होईल."

"होऊ दे," मी म्हणाले.

खिडकीच्या चौकटीला कपडे अडकवायच्या आकड्यांची एक पट्टी होती. एकावर टॉवेल होता, तो मी काढला. उजव्या टोकाच्या आकड्यावर मी बाबांची पाटी लावायला गेले. म्हटलं, आता तरी त्यांना पहिलं असू दे.

"अहो, तिथे नाही," बाबा एकदम म्हणाले. खुर्चीत सरसावून बसले. "तिथे माझ्या मुलीची. माझी तिच्या मागे."

मी माझी पाटी पहिल्या आकड्यावर लावली. लाल. मग बाबांची पाटी दोन्ही हातांनी धरली आणि दुसऱ्या आकड्यावर माझ्या हाताने लावली, नीट सरळ करून. त्यांच्याकडे वळले आणि कमरेतून वाकले.

"शिकायला मिळालं," मी म्हणाले. "बाबा, त्या दिवशी राहून गेलं."

त्यांनी गुडघ्यांवरची शाल काढून ठेवली. मग खुर्चीचे हात धरून उठायला लागले. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. खिडकीपर्यंत दोन पावलं होती, ती ते एकटेच चालले. माझी पाटी आकड्यावरून काढली, उलटली आणि परत लावली. काळं नाव वर आलं.

"आली," ते म्हणाले, त्या पाटीलाच.

मग स्वतःचीही उलटली आणि परत येऊन खुर्चीत बसले. मी डोळे पुसत छोट्या टेबलावर पट उघडला, दोन्ही वाट्या ठेवल्या, आणि सवयीने काळ्यांची वाटी माझ्याकडे ओढली.

"नाओ," बाबा म्हणाले, "काळ्या माझ्या. तू पुढची आहेस ना?"

वाटी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली, बोटं आत घालून एक सोंगटी निवडली आणि गुणगुणायला लागले.